मसणवटीतला वर्ग

"आमच्या गावाला इतिहास नाय, बाई," काजल म्हणाली आणि खाली बसली.

पोरीनं हे उर्मटपणे म्हटलं नव्हतं. हेदपाड्याला एसटी नाही, दवाखाना नाही, तसा इतिहासही नाही, इतक्या साधेपणानं तिनं ते सांगून टाकलं. सातवीच्या वर्गानं माना डोलावल्या. गणूनं री ओढली, "इतिहास माहुलीच्या गडावर हाय. इकडं नुसता रान हाय."

नम्रताबाईंनी खडू खाली ठेवला. बाई मूळच्या वाशिंदच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. आईबापांनी बारशाला नाव ठेवलं नम्रता. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्या बिचाऱ्यांना तेव्हा कसं कळणार? एकदा मनात घेतलं की शेंडी तुटो की पारंबी तुटो, बाई मागं हटायच्या नाहीत. रोज वाशिंदहून गाडीनं खर्डी, खर्डीहून जीप, आणि जीप जिथं हात टेकते तिथून पायी चढ, असं करून त्या शाळेत पोचायच्या. इतकं करून कधी बदली मागितली नाही, याचं गावाला कौतुक होतं. मुख्याध्यापक हरेशगुरुजींना मात्र त्यामुळंच थोडी धास्ती वाटायची.

त्या दिवशी बाईंना राग आला तो पोरांचा नव्हे, स्वतःचा. तीन वर्षं आपण यांना पानिपत शिकवलं, फ्रान्सची क्रांती शिकवली, आणि शाळेच्या पडवीतून जे डोळ्यांनी दिसतं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं हे.

कारण पडवीत उभं राहिलं की समोर घाट दिसायचा, घाटातला रेल्वेचा बोगदा दिसायचा आणि अलीकडं, ओढ्याच्या पल्याड, एक दगडी भिंत दिसायची. तिला सगळे गोऱ्यांची मसणवट म्हणायचे. इंग्रजांच्या काळात घाट फोडून रेल्वे वर नेली, तेव्हा जे साहेब इथं ताप येऊन नाहीतर अपघातात मेले, त्यांची थडगी त्या भिंतीच्या आत होती. त्यांवर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. आणि भिंतीच्या बाहेर, फाटकाच्या अगदी तोंडाशी, एक मोठा दगडांचा ढीग होता. पुरुषभर उंच, आणि खळ्याएवढा पसरलेला. तिथून जाणारा हरएक गडीमाणूस वाटेतला एक दगड उचलायचा, त्या ढिगावर ठेवायचा, हात जोडायचा आणि मागं न बघता निघून जायचा. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, ठेवायचा असतो.

"उद्या आपला वर्ग तिथं," बाईंनी बोट दाखवून सांगितलं. "मसणवटीत."

संध्याकाळपर्यंत गावात गवगवा झाला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच आया शाळेत हजर. पुढं होती तानी, सातवीतल्या नवशाची आई. बोलायला फटकळ.

"बाई, पोरांना मसनात नेनार तुमी? पोरी पन? आमच्यात बाईमानूस तिकडं पाय ठेवत नाय. पोराला बाधा झाली तर भगत तुमी धरून आननार काय?"

"अगं, दिवसाढवळ्या जाणार. बघून परत येणार."

"बघायला काय हाय तिथं? मेलेल्या मानसांना काय बघायचा?"

बाईंनी पुष्कळ समजावलं. तानी ऐकेना, बाकीच्या तानीच्या मागं. बाया गेल्यावर हरेशगुरुजींनी हळूच सल्ला दिला, "बाई, तुम्ही भूगोल घ्या. भूगोलाला भुतं लागत नाहीत."

पोरांना मसणवटीत नेता येत नसेल, तर प्रश्न तर घरी पाठवता येतो. बाईंनी वर्गाला अभ्यास दिला. घरात जे कोणी म्हातारं असेल त्याला विचारायचं, आपण त्या ढिगावर दगड का ठेवतो? उत्तरं आली ती अशी. भूत मागं लागू नये म्हणून. चालताना पाय दुखू नयेत म्हणून. गणूच्या बापानं सांगितलं होतं, गप जेव. बाई हसल्या, पण आतून खट्टू झाल्या. मग काजल उठली.

"माझी आजी बोलते, तिथं आमची भिमी हाय."

"भिमी कोण?"

"ते नाय सांगत. बोलते, बाईंना घेऊन ये."

शाळा सुटल्यावर बाई काजलबरोबर तिच्या घरी गेल्या. सकुबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. पाठीतून वाकलेली, पण नजर शाबूत. तिनं बाईंपुढंही शेंगांचं सूप सरकवलं. रिकाम्या हातानं बसून बोलायची तिच्या घरी रीत नव्हती.

"घाट फोडत व्हते तवाची गोष्ट," सकुबाई म्हणाली. "लांबलांबची मानसं आलेली. आमची पन गेलेली, पोटाला. मंग पटकीची साथ आली. पावसाचं दिस. लाकूड वलं, जळंना. खांदा द्याया मानूस ऱ्हायला नाय. मंग भिंतीच्या भायेर एकाच खड्ड्यात घातली समदी. साहेबांना पेट्या न् दगुडावर नाव. आमच्याकडं लिवायला कोन व्हता? ज्यानी त्यानी आपल्या मानसाचा नाव तोंडानी घेतला न् वर दगुड ठेवला."

"नाव घेऊन ठेवायचे?"

"नाव घेतल्याबिगर ठेवीतच नव्हते. तवा बाया पन जायच्या. माझी सासू घ्यायची. भिमी, म्हनायची न् मंग ठेवायची. भिमी म्हंजे माझ्या सासूच्या सासूची आय. डोक्यावर माती वाहायची. लेकरू घरी ठेवून गेल्ती, ती गेलीच."

काजल शेंगा सोलायची थांबली होती. "मग आजे, आता कोन नाव का नाय घेत?"

"नाव घेनारी मेली गो. त्यांच्यासंगं नावं गेली. दगुड ठेवायची खोड तेवढी ऱ्हायली."

तीन वर्षं बाईंनीही येताजाता त्या ढिगावर दगड ठेवला होता, गाव ठेवतं म्हणून; बाहेरच्या बाईला कोणी अडवलं नव्हतं. काजल मात्र एकदम ताठ बसली होती. तिला तिचं माणूस सापडलं होतं.

गोष्ट इथंच थांबली असती तर बाईंना एक चांगला धडा मिळाला असता आणि सगळे सुखी झाले असते. पण त्याच आठवड्यात तालुक्याहून निरोप आला. मसणवटीत पुरलेल्या कोणा गोऱ्या इंजिनिअरची पणती विलायतेहून थडगं बघायला येणार होती. सोबत मोठे साहेब असणार. जागा नीट करून ठेवा.

सरपंच चांगो माणूस वाईट नव्हता. गावात बोअरवेल त्यानंच खटपट करून आणली होती, रस्त्याला मुरूम त्याच्यामुळंच पडला होता. मोठे साहेब येतात म्हटल्यावर त्याला पुढचा डांबरी रस्ता दिसू लागला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. त्यानं भिंतीला चुना मारायला लावला, थडग्यांवरचं गवत कापून घेतलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की पाहुण्यांची गाडी फाटकाशी आणायची तर वळायला जागा नाही. तिथं तो ढीग.

"दगड उचलायचे न् वढ्यात टाकायचे," त्यानं ठरवून टाकलं. ट्रॅक्टर सांगितला. पण गावातला एक माणूस हात लावायला तयार होईना. त्या ढिगावर ठेवायचं असतं, तिथून न्यायचं नसतं. चांगोनं मजुरी वाढवली, दम दिला. खर्डीकडचे वीटभट्टीवाले आणले, तर त्यांनी ढिगाला नमस्कार केला, एकेक दगड ठेवला आणि आल्या वाटेनं परत गेले.

मग चांगोला युक्ती सुचली. तो शाळेत आला, खुर्चीवर बसला आणि गुरुजींना म्हणाला, "गुरुजी, शनवारी पोरांचा श्रमदान ठेवा. तेवढा ढीग ट्रॉलीत भरून द्या. ल्हान पोरांना दोष लागत नाय."

गुरुजींची मान हलायच्या आत बाई बोलल्या, "सरपंच, मागच्या आठवड्यात याच पोरांना तिथं बाधा होत होती."

"ती नुसती बघाया गेली तर, बाई. कामाला गेली तर नाय होत."

हे चांगो अगदी मनापासून म्हणाला. बाईंच्या तोंडावर आलं होतं की लाज वाटते का तुम्हाला. पण त्यांनी विचार केला. आपण नाही म्हटलं तर गुरुजी पाचवीचा वर्ग घेऊन जातील. पाचवीच्या पोरांना काय, उड्या मारत दगड भरतील. ढीग दुपारपर्यंत ओढ्यात जाईल, आणि भिमीला तिच्या काजलसकट सगळे विसरतील. आता ढीग राहायचा असेल तर तो आपल्याच वर्गाच्या हातांनी राहील.

"मी नेते पोरांना," बाई म्हणाल्या. "पण दोन अटी. तिथं पोरं मी सांगेन तसं करतील. आणि सगळं गाव तिथं हजर पाहिजे. पोरांना एकटं मसणात धाडायचं आणि मोठ्यांनी घरात बसायचं, असं चालणार नाही."

"कबूल," चांगो म्हणाला. बाई इतक्या सहज वळल्या याचं गुरुजींना नवल वाटलं, आणि चांगोला तर आनंदच झाला.

वर्गाला मात्र हे सहन झालं नाही. बाई आत आल्या तर कोणी उठून उभं राहिलं नाही. काजलच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बाई, तुमी हो म्हटला?"

"हो म्हटलं."

"मी भिमीचा दगड नाय उचलनार. मला शाळेतून काढा."

"आधी अभ्यास," बाई म्हणाल्या. आवाज कडक ठेवला होता, कारण मऊ ठेवला असता तर रडू फुटलं असतं. "भिमीचं नाव आपल्याला कळलं. बाकीचे कोण? घरोघर विचारा. शनिवारपर्यंत मला नावं पाहिजेत."

पोरं कामाला लागली. म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठून विचारू लागली, शेजारच्या पाड्यावर जाऊन आली. एवढ्या खटपटीतून निघाली चारच नावं. भिमी, सोमा, एक लखू, आणि गणूच्या घराण्यातला कोणी बुध्या.

"बाकीच्यांची कुठून आनायची, बाई?" नवशानं विचारलं. "ढीग तर केवढा हाय."

बाई वर्गाला घेऊन मागच्या टेकडीवर गेल्या. तिथून घाट उघडा दिसायचा. काळ्या कातळात कोरलेला बोगदा, दरीवरचा उंच दगडी पूल, डोंगर कापून काढलेली वाट, आणि तिच्यावरून दम खात चढणारी मालगाडी.

"यांची नावं गेली," बाई म्हणाल्या. "पण काम समोर आहे. बघा आणि सांगा, इथं कोण कोण लागलं असेल?"

आणि मग तीन वर्षांत कधी झाला नव्हता असा इतिहासाचा तास झाला. ही पोरं वीटभट्टीवर, खडीच्या कामावर आईबापांबरोबर राहिलेली. काम म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. घण मारणारा, गणू म्हणाला. पहार धरणारा, दुसरा म्हणाला, एक मारतो तर एक धरतो. सुरुंगाची वात पेटवून पळणारा. पुलाचे दगड घडवणारा. पाटी भरून देणारी आणि पाटी डोक्यावर घेणारी. पाणी पाजणारा. "न् भाकऱ्या थापनारी," नवशा म्हणाला. "येवढ्या मानसांना कोनीतरी जेवाया घातलाच आसंल."

"ज्याचं नाव माहीत नाही," बाई म्हणाल्या, "त्याचं काम सांगायचं."

शनिवारी सकाळी सगळं गाव ओढ्यापाशी जमलं. अट होती ना. पुरुष पुढं, बाया पार मागं, अंतर राखून. सकुबाईला दोघींनी धरून आणलं होतं. भिंत चुन्यानं पांढरीफेक दिसत होती. ट्रॅक्टर ट्रॉली लावून उभा होता, इंजिन चालूच. चांगोनं धुतलेला सदरा घातला होता.

पोरं रांगेनं आली. प्रत्येकाच्या हातात एक दगड.

"ह्ये काय?" चांगो म्हणाला. "दगड न्यायचेत, आनायचे नायत."

"आधी अभ्यास, मग श्रमदान," बाई म्हणाल्या. "पोरं मी सांगेन तसं करतील, असं ठरलंय आपलं."

काजल पुढं झाली. "भिमी. माती वाहायची." तिनं दगड ठेवला.

"बुध्या," गणू म्हणाला. "काम ठावं नाय. आमचा व्हता." त्यानं ठेवला.

"सुरुंग पेटवनारा."

"पानी पाजनारा."

"पहार धरनारी," एक पोरगी म्हणाली आणि मग थांबून म्हणाली, "नायतर धरनारा. कोन आसंल तो."

एकेक पोर येत होतं, बोलत होतं, ठेवत होतं. नवशानं "भाकऱ्या थापनारी" म्हटलं, तेव्हा मागच्या बायांतून तानी निघाली. बाईमाणूस जिथं पाय ठेवत नाही तिथं ती पोरांच्या रांगेतून सरळ ढिगापाशी गेली, खाली वाकली, वाटेतला दगड उचलला आणि पोराच्या दगडाशेजारी ठेवला. पदरानं तोंड पुसत तिथंच उभी राहिली.

शेवटचं पोर झालं. ढीग कमी व्हायचा तो वाढला होता.

"झाला?" चांगोनं विचारलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. "आता भरा ट्रॉली."

एकही पोर हललं नाही.

"बाई, ह्ये बरं नाय. परवा पावने येनार. मी तालुक्याला शब्द दिलाय. तुमची बदली कराया मला एक चिठ्ठी बास हाय."

हेदपाडा सोडावा लागेल, हा विचार बाईंना खरोखरच नकोसा झाला. "करा बदली," त्या म्हणाल्या. "पण माझा वर्ग दगड उचलणार नाही."

"मंग मी उचलतो," चांगो म्हणाला आणि बाह्या सारून पुढं झाला. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. चांगोनं वाकून ढिगाच्या कडेचा एक दगड दोन्ही हातांनी उचलला.

"काका," काजल म्हणाली.

हे बाईंनी तिला शिकवलं नव्हतं. तिला हे बोलायचंय हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"काका, न्या तुमी. पन ठेवताना नाव घेऊन ठेवलाय त्यो. मंग उचलताना पन घ्याया लागंल. ज्याचा दगुड हाय त्याचा नाव घ्या, न् मंग टाका ट्रॉलीत."

चांगोनं तोंड उघडलं. नाव कुठून आणणार? त्यानं हातातल्या दगडाकडं पाहिलं. मग ढिगाकडं, मग माणसांकडं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"काकी," तो सकुबाईला म्हणाला, "ह्यो कोनाचा?"

"मला नको इचारू रे बाबा. मला येकच ठावं हाय. भिमी. तुझ्या घरातले पन दोघं भाव त्यात गेलेले, एवढा आयकलेला. नावं तुझ्या आज्याला इचारायची व्हतीस."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. चांगो दगड धरून तसाच उभा. ट्रॉलीकडं दोन पावलं गेला, थांबला. बाईंना वाटलं आता हा चिडून दगड भिरकावणार, आणि त्यांनी काजलला जवळ ओढून घेतलं.

"ट्रॉली रिकामी ने रे," चांगो ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला. "गाडी वढ्याच्या अलीकडं थांबंल. पावन्यांना पाय हायेत, येतील चालत."

चांगो मागं वळला. जिथून दगड उचलला होता तिथं परत आला आणि खाली बसला. ठेवण्याआधी काहीतरी म्हणायला हवं होतं.

"आमचाच हाय कोनतरी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि त्यानं दगड जागेवर ठेवला.